इतके आलोच आहोत तर…

सहलीला निघालेल्या आपल्या बहुतेक कुटुंबांत एक वाक्य हमखास उच्चारले जाते. देवदर्शन उरकलेले असते, पाय बोलू लागलेले असतात, परतीची वेळ टळत असते, आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणते, "इतके आलोच आहोत, तर तेही पाहून घेऊ." धडधाकट माणसाला या वाक्याची किंमत फार तर एका रात्रीच्या अंगदुखीने चुकती करता येते. परंतु शस्त्रक्रियेनंतर ज्याच्या पोटात आणि सांध्यांत दुखणे कायमचे मुक्कामाला आले आहे, त्याला ती आठवडाभर अंथरुणावर पडून फेडावी लागते. तुम्ही अशांपैकी एक असाल, किंवा तुमच्या घरात असे कोणी असेल, तर आज माझ्याबरोबर माथेरानला चला. आपण सावकाश जाऊ. सगळे पॉइंट काही पाहून होणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

आधी माझी शिदोरी काय आहे ते सांगायला हवे. सहा वर्षांपूर्वी माझ्या लहान आतड्याचा शेवटचा भाग कापून काढावा लागला. आजाराचे नाव क्रोन्स. आतड्याला आतून सूज येते, व्रण पडतात, ते भरताना आतड्याचा मार्ग अरुंद होत जातो. आपल्याकडे आतड्याच्या क्षयरोगाची लक्षणे आणि या आजाराची लक्षणे इतकी मिळतीजुळती असतात, की नेमके निदान होण्यात पुष्कळदा बराच काळ जातो, माझाही गेला. शस्त्रक्रियेने अडथळा दूर होतो, आजार मुळापासून जात नाही, हे मला शस्त्रक्रियेपूर्वी सांगितले गेले होते. मी ते ऐकले होते. समजले मात्र फार नंतर.

शस्त्रक्रियेनंतरच्या पोटदुखीची कारणेही एकाहून अधिक असतात. जखम भरताना पोटाच्या आत चिवट पट्टे तयार होतात आणि आतड्याची वेटोळी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात. पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांच्या पोटात असे पट्टे तयार होतात. पुष्कळांना त्यांचा कधीच त्रास होत नाही, काहींना मात्र ते अधूनमधून आपली आठवण करून देतात. शिवाय ज्या मज्जातंतूंनी वर्षानुवर्षे वेदनेचे निरोप पोहोचवले, ते निरोपाचे कारण संपल्यावरही कधी कधी तेच काम करीत राहतात. चोर येऊन गेल्यानंतर वाड्यावरचा कुत्रा वाऱ्याने पान हलले तरी भुंकतो, तसे. त्याचे भुंकणे खरे असते, पण प्रत्येक वेळी चोर असतोच असे नाही.

आणि सांधे? आतड्याच्या या आजारात आतड्याबाहेर सर्वांत अधिक आढळणारी तक्रार सांध्यांचीच. गुडघे, घोटे असे मोठे सांधे पुष्कळदा आतड्याच्या सुजेबरोबर सुजतात आणि तिच्याबरोबर ओसरतात. कमरेचे आणि कण्याचे दुखणे मात्र आतड्याच्या तालावर चालेलच असे नाही; पोट शांत असतानाही सकाळी कंबर लाकडासारखी ताठ झालेली असते. अशा सुजेच्या दुखण्याची एक खूण तुम्ही लक्षात ठेवा: ते विश्रांतीने वाढते आणि हालचालीने सैल होते. झिजेचे दुखणे याच्या उलट वागते. माझ्याकडे आता दोन्ही आहेत. म्हणजे कंबर म्हणते चाल, गुडघा म्हणतो बेताने चाल, आणि पोट म्हणते कुठेच जाऊ नकोस. त्यातून एकाचे औषध दुसऱ्याला बाधते. सांधेदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्या आतड्याला अपाय करू शकतात, म्हणून मला त्या स्वतःच्या मनाने घेण्याची मुभा नाही.

पन्हाळ्यावरचे कणीस

चार वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पन्हाळा. अंबरखाना पाहिला, तीन दरवाजा पाहिला. माझे गुडघे तिथेच नको म्हणत होते. पण इतके आलोच होतो! सज्जाकोठीही झाली. संध्याकाळी धुक्यात शेगडीवर भाजलेली कणसे विकायला होती. कणीस मला वर्ज्य आहे, कारण अरुंद झालेल्या आतड्यात मक्याचे दाणे अडकू शकतात. पण इतके आलोच होतो. त्या रात्री पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, आणि पुढचे तीन दिवस मी रुग्णालयात सलाईनवर काढले. घरी परतल्यावर गुडघे असे सुजले होते, की जमिनीवर बसणे दोन महिने बंद झाले.

त्यानंतर घरात एक न बोललेला ठराव संमत झाला. सहलीचे बेत माझ्या माघारी ठरू लागले. मुलगी हळुवारपणे म्हणे, "आई, तुला झेपायचं नाही. आम्ही फोटो पाठवू." यजमान निघताना स्वयंपाकघरात मऊभाताची तयारी करून ठेवीत. त्यात राग नव्हता, उपेक्षा नव्हती. होती ती केवळ काळजी. आणि काळजीशी भांडता येत नाही. दुखण्याने जितके आयुष्य आखडले नव्हते तितके या मायेने आखडले, आणि खरे सांगायचे तर मला स्वतःलाही ते सोयीचे वाटू लागले होते.

गेल्या नोव्हेंबरात मीच म्हटले, "माथेरानला जाऊ."

वळणे घेत चढणारी गाडी

माथेरानच का, असे तुम्ही विचाराल. एक कारण जुने आहे. दहा वर्षांची असताना वडिलांनी मला तिथल्या लुईझा पॉइंटवर नेले होते आणि समोरचा प्रबळगड दाखवला होता. तो मुलीला दाखवावा, असे मनात होते. दुसरे कारण व्यवहाराचे. माथेरानात खासगी मोटारीला प्रवेश नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या पठारावर गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत जाते. तिथून पुढे पाय, घोडा किंवा अमन लॉजपासून सुटणारी शटल; माणसांनी ओढण्याची हातरिक्षाही तेव्हा होती. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. जिथे साऱ्यांनाच सावकाश चालावे लागते, तिथे सावकाश चालणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही.

जाताना मी लोकलने नेरळपर्यंत थेट गेले नाही. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते, आणि आतड्याचा तो शेवटचा भाग गेलेल्या माणसाला शौचाची घाई कधी लागेल याचा नेम नसतो. पित्तातील क्षार शरीरात परत शोषून घेण्याचे काम तोच भाग करतो. तो नसला की ते क्षार मोठ्या आतड्यात उतरतात आणि जुलाब होतात. ब-१२ जीवनसत्त्वही तिथेच शोषले जाते, म्हणून मला त्याची इंजेक्शने ठरावीक काळाने घ्यावी लागतात. तर मी कल्याणला उतरले, स्थानकावरचे स्वच्छतागृह गाठले, पुढची कर्जत लोकल पकडली. अर्धा तास गेला. प्रवासातली भीती मात्र निम्म्यावर आली. तुम्हीही प्रवासाची आखणी करताना प्रेक्षणीय स्थळांच्या आधी स्वच्छतागृहांची यादी करा. यात लाजण्यासारखे काही नाही. लाजून घरी बसण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

नेरळहून टॅक्सीने घाट चढताना वाटेत छोट्या गाडीचे रूळ आडवे येतात. दोन रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. १९०४ साली काम सुरू होऊन १९०७ साली हा मार्ग खुला झाला. आदमजी पीरभॉय या मुंबईच्या उद्योगपतींनी पैसा उभा केला आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी तो बांधून काढला. मोटारीचा रस्ता डोंगराला सरळ भिडतो. रेल्वे तसे करीत नाही. ती आडवी जाते, वळते, मागे आल्यासारखी वाटते, पुन्हा वळते आणि नेरळ ते माथेरान हे अंतर कापायला सुमारे २१ किलोमीटर घेते. चढ तितकाच, पण इंजिनाला एका वेळी थोडाच चढावा लागतो. मला त्या रुळांचा हेवा वाटला.

दमण्याआधी

दस्तुरीला पोहोचलो तेव्हा शटल सुटायला बराच अवकाश होता. एका जागी उभे राहणे मला चालण्यापेक्षा कठीण जाते. हातरिक्षावाल्याने विचारले, तेव्हा माझी जीभ अडखळली. दोन माणसांच्या गुडघ्यांवर आपले गुडघे लादणे मनाला पटेना. पण पोटावर मोठा छेद असल्याने ओझे उचलण्याची मला मनाई आहे. टाक्यांच्या जागी पोटाची भिंत कमजोर होऊन हर्निया होण्याचा धोका असतो. सामानासाठी एक हमाल केला. ती निघाली एक बाई, माझ्याहून वयाने मोठी. पायथ्याच्या वाडीतून रोज चढून येणारी. तिने आमची बॅग डोक्यावर घेतली आणि रुळांच्या कडेने चालू लागली. मी मागोमाग, आणि माझ्या मागे यजमान व मुलगी.

माथेरानचा रुळांकाठचा रस्ता तुम्ही चालला असाल तर जाणाल. तांबडी माती, दोन्ही बाजूंना जांभूळ, अंजनी, हिरडा यांची दाट सावली, मधूनच दरीकडे उघडणारी खिडकी आणि तीत दूरवर निळसर झालेला कोकणचा तळ. मी ठरवून आले होते: दहा मिनिटे चालायचे, पाच मिनिटे बसायचे. घरी आठवडाभर घड्याळ लावून पाहिले होते. वाईट दिवशी बारा मिनिटांनी दुखणे डोके वर काढी, चांगल्या दिवशी पंचवीस मिनिटांनी. मी हिशेब वाईट दिवसाचा धरला आणि त्यातूनही दोन मिनिटे कमी केली.

पण घड्याळ पाहण्याची वेळच फारशी आली नाही, कारण मावशी माझ्याआधीच थांबत. एका वाकलेल्या झाडाशी, मग एका कठड्याशी, मग एका मोरीच्या दगडाशी. बॅग कठड्यावर टेकवायची, पदराने मान पुसायची, घटकाभर उभे राहायचे. मला वाटले, माझ्यासाठी थांबताहेत. मी म्हटले, "मावशी, दमलात का?"

त्या म्हणाल्या, "दमल्यावर थांबलं तर मग वझं उचलवत नाय. आधीच टेकायचं."

वेदनातज्ज्ञांनी मला हीच गोष्ट समजावली होती आणि मी मान डोलावली होती. बरे वाटले की आपण राहिलेली सगळी कामे एका दिवसात उरकतो, मग चार दिवस पडून राहतो, पुन्हा बरे वाटले की पुन्हा तेच. या चक्रात शरीर दर खेपेला थोडे थोडे कमजोर होते आणि दुखण्याची धास्ती वाढते. त्याऐवजी दुखणे थांबवील तेव्हा थांबायचे नाही. आपण नेमलेल्या जागी, आपण नेमलेल्या वेळी थांबायचे. चांगल्या दिवशीही तेवढेच. आणि ते अंगवळणी पडले की दर आठवड्याला एखाद-दोन मिनिटे वाढवायची. कागदावर हे सोपे असते. डोक्यावर बॅग घेतलेल्या बाईला तसे करताना पाहिले, तेव्हा ते मला पटले.

बाजारपेठेपर्यंतच्या त्या वाटेला आम्हाला दीड तासाहून अधिक वेळ लागला. मजुरी ठरल्याहून थोडी अधिक दिली. निघताना मावशी गुडघा चोळत होत्या. त्या दुखण्यावर त्या काय करतात, हे विचारण्याचे मला तेव्हा सुचले नाही. अजून ते सलते.

तलावाकाठचा बाक

दुसऱ्या दिवसाचा बेत मी घरूनच कागदावर लिहून आणला होता. सकाळी हलका नाश्ता, मग शार्लट तलाव, मग लुईझा पॉइंट. आणि खाली ठळक अक्षरांत: 'साडेदहाला जिथे असू तिथून परत.'

निघायला उशीर झाला. सकाळची ताठलेली कंबर सैल व्हायला मला तास लागतो. त्या दिवशी त्याहून जास्त लागला. वाटेत माकडांनी मुलीच्या हातची पिशवी पळवली. औषधे मी कमरेच्या पट्ट्यात ठेवली होती म्हणून बचावली. माथेरानात तुम्हीही तसेच करा. तलावाशी पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. हा तलाव गावाला पिण्याचे पाणी पुरवतो. काठाजवळ पिसारनाथाचे मंदिर आहे. पाणी स्थिर होते, सावली गार होती, पोट शांत होते, आणि गुडघे फक्त कुरकुरत होते.

मी म्हणाले, "इतके आलोच आहोत…"

होय, ते वाक्य या वेळी माझ्याच तोंडून निघाले. मुलीने कागद काढला आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. मला संताप आला. माझेच अक्षर, माझीच अट, आणि ती मला दाखवणारी माझीच मुलगी! चार वर्षे तुम्ही मला घरी बसवलेत, आज पाय चालताहेत तर आजही बसवता, असे बरेच काही मी बोलले. यजमान तलावाकडे पाहत राहिले. मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, आज आम्ही अडवत नाही आहोत. तूच अडवलं आहेस. जायचं तर जाऊ. तू सांग."

मी बाकावर बसले. पाच मिनिटांचा नेम होता, तो पाळला. मग म्हटले, "तुम्ही दोघे जाऊन या."

ते गेले. मी तासभर तिथेच होते; कधी बसले, कधी कंबर आखडू नये म्हणून बाकाभोवती चार पावले फिरले. खोटे कशाला सांगू, पहिली पंधरा मिनिटे डोळ्यांत पाणी होते. मग वरच्या फांदीवर शेकरू दिसले. तांबूस पाठ, लांबलचक झुबकेदार शेपूट, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर निर्धास्त झेप. पाहता पाहता रडणे कधी थांबले ते कळले नाही. दोघे परतले, तेव्हा मुलीने फोटो दाखवला नाही. माझ्या शेजारी बसून तिने हवेत बोटाने प्रबळगडाची कड काढली आणि विचारले, "आजोबांनी दाखवला तो असाच होता ना?"

असाच होता.

तुमच्यासाठी थोडेसे

तुम्ही निघणार असाल तर काही गोष्टी ध्यानी धरा. आजार उसळलेला असताना सहल काढू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, औषधे मुक्कामापेक्षा दोन दिवसांची अधिक घ्या, आणि शस्त्रक्रियेच्या कागदाची प्रत जवळ असू द्या. प्रवासात नवे पदार्थ चाखण्याचा मोह आवरा. आतडे अरुंद असेल तर अख्खे शेंगदाणे, मका, चिवट सालींची फळे टाळा. माथेरानची चिक्की मी घेतली, ती घरच्यांसाठी. जुलाब होत असतील तर मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस थोडे थोडे घेत राहा.

दुखणे जुने आहे म्हणून प्रत्येक दुखणे जुनेच समजू नका. पोट फुगून कळा येणे, उलट्या न थांबणे, वारा आणि शौच बंद होणे, शौचातून रक्त जाणे, ताप येणे, किंवा तापाबरोबर एखादा सांधा लाल होऊन सुजणे, यांपैकी काहीही झाले तर तडक रुग्णालय गाठा. माथेरानात रुग्णवाहिकेला मोकळीक आहे. परंतु रात्रीच्या वेळी घाट उतरायला वेळ जातोच, हे आधी गृहीत धरा.

आणि घरच्यांना एक विनंती. तुमच्या माणसाला घरी ठेवून फोटो पाठवू नका. त्याला बरोबर न्या, त्याचा नियम त्यालाच लिहू द्या, आणि तो मोडू लागला तर रागावू नका. फक्त कागद दाखवा.

तिसऱ्या दिवशी आम्ही शटलने अमन लॉजला आलो आणि घरी परतलो. तो रविवार होता. सहल कशी झाली हे मला त्या दिवशी कोणी विचारले असते तर सांगता आले नसते. आमच्यासारख्यांच्या सहलीचा निकाल परतल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी लागतो. सोमवारी सकाळी जाग आली तेव्हा कंबर नेहमीइतकीच ताठ होती, गुडघे नेहमीइतकेच दुखत होते, पोटातली ओढ नेहमीचीच होती. नेहमीपेक्षा अधिक काहीच नव्हते. मी उठले, चहा टाकला आणि दिनदर्शिकेवर मार्चमधल्या एका शनिवाराभोवती पेन्सिलीने गोल काढला. त्या वेळी तलावावर थांबायचे नाही. आदल्या दिवशी चालणे मुळीच ठेवायचे नाही आणि सकाळी लवकर उठून थेट लुईझाची वाट धरायची. परतीची वेळ मात्र आधीच लिहून ठेवली आहे.